रूपी नावाची बिअर

एस्तेरचा फोन आला तेव्हा रूपीबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. एस्तेर तिची धाकटी लेक, पुण्याच्या एका दवाखान्यात नर्स. एरवी ती रविवारी, प्रार्थना सुटल्यावर फोन करायची. आज बुधवार होता.

"काही झालं नाही गं," एस्तेर आधीच म्हणाली. "फोटो पाठवलाय. बघ आणि मला परत फोन कर."

फोटोत निळ्या रंगाचा पत्र्याचा डबा होता. त्यावर मोहाचं फूल काढलेलं आणि फुलाखाली एका बाईचा चेहरा. कपाळभर गोंदण, नाकात मोठी नथ, केसांत मोरपीस. चेहऱ्याखाली चार इंग्रजी अक्षरं होती. रूपीबाई मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिने एकेक अक्षर बोटाने लावलं. आर. यू. पी. आय.

तिने फोन केला. "हे काय आहे?"

"बिअर आहे, आई. तुमच्या फुलांची. इथल्या हॉटेलात मिळते. माझ्या मैत्रिणीने मागवली, डबा बघितला आणि मी उडालेच. लोक नावाने मागतात. 'दोन रूपी द्या' म्हणतात."

उन्हाळ्याच्या तोंडाशी पुण्याहून एक मुलगी बोरपाण्याच्या पाड्यावर आली होती. मोहाची फुलं जमिनीवरून न वेचता झाडाखाली जाळी बांधून झेलायची, स्वच्छ वाळवायची, असं तिने बायकांना शिकवलं आणि त्यांच्या बचत गटाची सगळी फुलं चांगल्या भावाने उचलली. जाताना तिने नावं विचारली होती. "रूपी! किती गोड नाव आहे," असं म्हणून तीन कागदांवर रूपीबाईची सही घेतली. कागद इंग्रजीत होते. वजनाची पावती असेल, असं रूपीबाईला वाटलं.

फुलं लाडवाला जाणार आहेत, असं तिने नवऱ्याला सांगितलं होतं. खोटं सांगितलं नव्हतं, तिचा तसाच समज होता. जोसेफ चर्चच्या मंडळीतला वडील माणूस होता. पाळक गावी नसले की तोच उपासना चालवायचा. एके काळी मात्र तो इतका प्यायचा, की बाजारात नेलेल्या सहा वर्षांच्या एस्तेरला तिथेच विसरून एकटा घरी आला होता. अंधार पडायच्या बेताला पोर जीपगाड्यांच्या थांब्यावर एका भाजीवालीजवळ सापडली. त्या दिवसापासून, आता सतरा वर्षं झाली, त्याने थेंबाला हात लावला नव्हता.

रूपीबाईने फोटो त्याला संध्याकाळी दाखवला. जोसेफ फोन लांब धरून बघत राहिला.

"ही तू आहेस?"

"मला काय माहीत? नाव माझं आहे."

"तू कधी मोरपीस घातलंस?"

"कधीच नाही."

"मग ही कोण बाई आहे?" तो म्हणाला, आणि जेवायला बसल्यावरही त्याने दोनदा तेच विचारलं.

रूपीबाईच्या मनात वेगळंच काही चाललं होतं. अकरा वर्षांपूर्वी जोसेफच्या मोठ्या भावाच्या, जेठ्याच्या, मुलाचं लग्न होतं. जेठ्या जुन्या देवांचा. त्याच्या घरी देवाला मोहाच्या दारूची धार सोडल्याशिवाय मांडव उभा राहत नाही. रूपीबाईच्या हाताला चव होती, म्हणून तिनेच मोह भिजवून दारू गाळली. आणि ती गाळत असतानाच धाड पडली. मडकी फुटली, तिचं नाव लिहिलं गेलं. नवापूरच्या कोर्टात दोन वर्षं तारखा झाल्या. शेवटी दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा. म्हणजे त्या दिवशी कोर्टाचं काम संपेपर्यंत ती मागच्या बाकावर बसून होती. ना कुणी ओरडलं, ना कुणी बोललं. पंखा फिरत होता आणि ती शिक्षा भोगत होती. आता त्याच फुलाच्या बिअरला तिचं नाव होतं. हे तेच आहे की दुसरं काही, हे तिला एकदा चाखून बघायचं होतं. एवढंच.

बाजाराच्या दिवशी ती जेठ्याला घेऊन नवापूरला गेली. जोसेफला तिने सांगितलं. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

बिअर शॉपीच्या जाळीपुढे उभं राहायची तिची पहिलीच वेळ. पदर ओढून ती जेठ्याच्या मागे राहिली. दुकानदार प्रेमचंद काउंटरवर होता.

"काय जोयजे, मावशी?"

तिने फोनवरचा फोटो जाळीतून दाखवला. प्रेमचंदने चष्मा वर केला.

"हाऊ माल आपलाकडे येत नही. पुणा-मुंबईना शे हाऊ. आठे दोनशे रुपयानी बिअर कोन लेई?"

"मागवून द्याल?" जेठ्याने विचारलं. "एकच डबा. ही बिअर हिच्या नावाची आहे."

प्रेमचंदने एकदा फोटोकडे आणि एकदा रूपीबाईकडे पाहिलं. त्याला ते खरं वाटलं नसावं. "दादा, मन्ही मर्जीवर नही ना. जो माल ह्या जिल्हाले येस, तोच मी ठेवस. आनि परवाना शे का मावशीकडे?"

"कसला परवाना?"

"पेवाना."

त्याने काउंटरखालून एक छापील चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. एका दिवसाचा, पिण्याचा परवाना. नाव, गाव आणि वय लिहून मिळतो. रूपीबाईने वरची चिठ्ठी वाचली. शब्द सरकारी होते, पण अर्थ लागत होता. आरोग्य राखण्यासाठी या व्यक्तीला मद्य बाळगण्यास व पिण्यास परवानगी.

"मी आजारी आहे असं लिहिलंय यात?"

"सगळास्ले तसंच लिखेल ऱ्हास, मावशी."

तिची नजर मग भिंतीवर गेली. चौकटीत दुकानाचा परवाना टांगला होता. सगळ्यात वर कायद्याचं नाव. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. रूपीबाईने ते दोनदा वाचलं. हे नाव तिला पाठ होतं. कोर्टाच्या प्रत्येक कागदावर, तिच्या नावाच्या वर, हेच छापलेलं असायचं.

"जेठ्यादादा," ती हळूच म्हणाली, "हे दुकान माझ्याच कायद्यात आहे."

तेवढ्यात आतल्या खोलीतून एक अधिकारी बाहेर आले. दारूच्या परवान्यांचं खातं त्यांचं, नाव करणसिंग. ते साठा तपासायला आले होते. त्यांनी बोलणं ऐकलं असावं. प्रेमचंदने घाईघाईने स्टूल पुढे केलं. करणसिंग बसले नाहीत.

"काय अडचण आहे, मावशी?"

रूपीबाई घाबरली. पण घाबरल्यावर तिचं तोंड बंद होण्याऐवजी उघडायचं. "साहेब, दारूबंदीच्या कायद्यात दारूचं दुकान कसं काय?"

प्रेमचंद खाली बघू लागला. करणसिंग मात्र हसले नाहीत. "कायदा म्हणतो, सगळं बंद. मग ज्याच्याकडे परवाना, त्याला उघडं. विकणाऱ्याला परवाना, पिणाऱ्याला परवाना, नेणाऱ्याला परवाना."

"आणि मोहाचं फूल?"

"फूल आता मोकळं आहे. वेचा, वाळवा, विका."

"भिजवलं तर?"

"घरी भिजवून गाळलं तर गुन्हा. परवाना असलेल्या कारखान्यात केलं तर उत्पादन."

"फूल तेच?"

"फूल तेच."

"मग घरी करायचा परवाना मी काढला तर?"

करणसिंगांनी हातातलं पेन खिशाला लावलं. "मावशी, हा प्रश्न मला याआधीही दोघांनी विचारलाय. मी वर लिहून पाठवलं. विचाराधीन आहे असं उत्तर आलं. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. मला माहीत नाही."

सरकारी माणसाच्या तोंडून हे तिने पहिल्यांदाच ऐकलं. तिला थोडं बरं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली. कोर्टात तर सगळ्यांना सगळं माहीत होतं.

लेक पुण्याला आहे म्हटल्यावर करणसिंग म्हणाले, "तिलाच दोन डबे आणायला सांगा. तिचा परवाना आणि दुकानाची पावती जवळ असू दे. काही होत नाही."

"पण साहेब," जेठ्या म्हणाला, "आमच्या पुलाचं काम चालू आहे. गाडी चार किलोमीटर गुजरातमधून फिरून जाते."

"मग नको," करणसिंग लगेच म्हणाले. "तिकडे आपला परवाना म्हणजे नुसता कागद. तिकडे दारूबंदी म्हणजे दारूबंदी."

परतीची जीप गुजरातकडे वळली तेव्हा जेठ्याने बाहेर बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे आपल्याकडची दारूबंदी ती कोणती?"

नाताळाच्या दोन दिवस आधी एस्तेर आली. पुण्याची बस सकाळी नवापूरला पोहोचली. रूपीबाई तिला घ्यायला थांब्यावर गेली होती. पाड्याकडे जाणारी जीप जाकीरची. तो नवापूरचाच, त्याचा बापही याच रस्त्यावर गाडी चालवायचा. जीप भरत आली होती. एस्तेरने बॅग वर टाकायला दिली आणि लगेच परत मागून मांडीवर घेतली. जाकीरच्या ते लक्षात आलं.

"ताई, बॅगमा काय शे?"

एस्तेरला खोटं बोलता येत नाही. बाजारातल्या त्या दिवसापासूनच येत नाही, असं रूपीबाईला वाटायचं. "दोन डबे आहेत, जाकीरभाई. बिअरचे. माझ्याकडे परवाना आहे, पावती आहे."

जाकीरने गाडी बंद केली. तो रागावला नव्हता. खिडकीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, मी पेत नही आनि पेनाराले काही म्हनत नही. पन पुढला गुजरातना नाकावर बॅग उघडी तर तुम्हना परवाना कोनी देखाव नही. मन्ही गाडी जप्त हुई जाई. ही एकच गाडी शे मन्हाकडे."

"मग काय करायचं?" रूपीबाईने विचारलं.

"डबा आठे ठेवा, नहीतर तुम्ही टेकडीना पायथापासून पायी जा. टेकडीवरनी पायवाट आपलीच हद्दमा शे म्हनतस." आणि क्षणभर थांबून तो म्हणाला, "मन्हा अंदाजनी."

बाकीचं सामान जाकीर पाड्यावर पोहोचवणार होता. तो मायलेकींना गुजरातच्या हद्दीअलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी उतरवून गेला. तिथून दोघी पायवाटेने निघाल्या. डबे एस्तेरच्या ओढणीत गुंडाळलेले. ऊन कोवळं होतं. सागाची पानं पायाखाली मोडत होती. एस्तेर दवाखान्यातल्या गोष्टी सांगत होती, पण रूपीबाईचं अर्धं लक्ष वाटेवर होतं. अर्ध्या तासाने एका शेताच्या बांधावर चुना लावलेला दगड दिसला. एका बाजूला मराठी अक्षरं, दुसऱ्या बाजूला गुजराती. दगड कलंडलेला होता. नक्की कुठलं अंग कुठल्या राज्याकडे, ते कळत नव्हतं. पायवाट दगडाच्या डावीकडून जायची, मग उजवीकडे वळायची, मग पुन्हा डावीकडे.

"आपण आत्ता कुठे आहोत?" एस्तेरने विचारलं.

"बोरपाण्याच्या वाटेवर," रूपीबाई म्हणाली. मग तिलाच वाटलं, हे काही उत्तर झालं नाही.

ती दगडापासून बरीच मागे आली. एका पळसाखाली, जिथे महाराष्ट्र नक्की असावा असं तिला वाटलं, तिथे बसली. "आण तो डबा. तुझा बा म्हणतो घरात नको. मी इथेच बघते."

एस्तेरने डबा उघडला. फस्स आवाज झाला आणि फेस तिच्या हातावर आला. रूपीबाईने आधी वास घेतला, मग एक घोट घेतला.

कडू. त्यामागे संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी. गिळल्यावर घशात कुठेतरी मोह आला, तोही असा, की शेजारच्या पाड्यावर कुणी फुलं भाजत असावं आणि वारा तिकडून येत असावा. तिने दुसरा घोट घेतला. पुन्हा तेच. हे तिच्या हातचं नव्हतं. पण ओळखीचं नव्हतं असंही म्हणता येईना.

तेवढ्यात खालून जोसेफ येताना दिसला. जाकीरने सामान उतरवताना त्याला सगळं सांगितलं होतं. तो चढ चढून धापा टाकत उभा राहिला. बायकोच्या हातातला डबा त्याने पाहिला. एस्तेर उठली. तिला वाटलं, बा आता तो डबा भिरकावणार.

जोसेफने हात पुढे केला. रूपीबाईने डबा दिला. त्याने तो फिरवून चित्र पाहिलं, मग उलटी बाजू. "हे काय लिहिलंय? वाच."

एस्तेर वाचू लागली. इंग्रजीतून तिने सावकाश अर्थ सांगितला. "'हाताने वेचलेली फुलं. जंगलाची आठवण. रूपी ही डोंगरातली मुक्त स्त्री आहे. तिला कसलीच बंधनं माहीत नाहीत.'"

"मला?" रूपीबाई म्हणाली. "मी दोन वर्षं तारखा केल्या."

डबा जोसेफच्या हातातच होता. वास त्याच्यापर्यंत पोहोचला होता, ते रूपीबाईला त्याच्या नाकपुड्यांवरून कळलं. सतरा वर्षं. एस्तेर बापाकडे बघत होती. जीपच्या थांब्यावर बसलेली पोर अशीच बघत असेल.

जोसेफने डबा बायकोच्या हातात परत दिला. चार पावलं गेला आणि पाठ करून एका दगडावर बसला. तिथूनच त्याने विचारलं, "कशी लागते?"

"कडू."

"मोहासारखी?"

"नाही. म्हणजे थोडी. शेवटी शेवटी."

"मग तुझं नाव कशाला?" तो ओरडला. टेकडीवर त्याचा आवाज फार मोठा वाटला. मग त्याने तोंड पुसलं. "लोक खरंच 'रूपी द्या' म्हणतात?"

"हो, बा."

"चांगल्या घरची माणसं?"

"हो."

त्याला राग आला होता, हे दिसत होतं. पण रागाच्या आत दुसरंही काही होतं. रूपीबाईने इतक्या वर्षांत ते त्याच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिलं होतं. त्याला काय म्हणावं तिला कळेना. कौतुक म्हणावं, तर तो कौतुक करायच्या बेतात अजिबात नव्हता.

उरलेली बिअर तिने पळसाच्या बुंध्याशी ओतली. न उघडलेला डबा जोसेफने स्वतःच ओढणीतून काढून घेतला. "पाळकांना दाखवतो. लपवलं तर पाप. दाखवलं तर निदान विचार होईल."

पाळकांनी डबा टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिला. शास्त्रात द्राक्षारस आहे, ते म्हणाले, पण बिअरबद्दल त्यांना बघावं लागेल. आणि रूपीबाईने दारू केली नाही, विकली नाही, फुलं विकली. तेव्हा दोष कुणाचा, हेही बघावं लागेल. नाताळाची घाई होती. डबा त्यांनी कपाटात, गीतांच्या पुस्तकांमागे ठेवून दिला. मात्र एक गोष्ट ते ठामपणे म्हणाले, "पत्र लिहा."

जोसेफने पत्र लिहिलं. तो शाळेत असताना त्याचं अक्षर सगळ्यांत चांगलं होतं. महोदय, माझी पत्नी सौ. रूपीबाई जोसेफ गावित हिचे नाव आपल्या उत्पादनावर वापरले आहे, ते काढावे ही नम्र विनंती. एस्तेरने पत्राचा फोटो काढून कंपनीला पाठवला.

फेब्रुवारीत, मोहाची फुलं यायच्या आत, उत्तर आलं. गेल्या उन्हाळ्यात आलेल्या मुलीनेच फोन केला. तिला खरंच वाईट वाटलं होतं. सह्या केलेल्या तीन कागदांपैकी एक नावासाठीचा होता, ती म्हणाली, पण त्या वेळी तिने नीट समजावून सांगायला हवं होतं. आता नाव लगेच काढता येत नाही. डब्यावरचं लेबल सरकारकडून मंजूर करून घ्यावं लागतं, एक अक्षर बदललं तरी पुन्हा अर्ज करावा लागतो. मंजुरी वर्षाची आहे. तोपर्यंत हेच नाव राहील. पुढच्या अर्जाच्या वेळी नाव ठेवायचं की काढायचं, ते तुम्हीच सांगा. आणि ते चित्र आम्हालाही चुकीचं वाटतं. नाव ठेवायचं ठरलं, तर तुमचा खरा फोटो पाठवाल का?

फोन ठेवल्यावर दोघं ओट्यावर बसले.

"म्हणजे माझ्या नावाला सरकारची मंजुरी आहे," रूपीबाई म्हणाली.

"आहे खरी."

"आणि माझ्या हाताला नाही."

"नाही," तो म्हणाला.

गटातल्या बायकांना फुलं त्याच कंपनीला द्यायची होती, आणि रूपीबाईने कुणाला अडवलं नाही. तिने स्वतःही दिली. नावाचं मात्र तिचं ठरेना. सकाळी वाटायचं काढावं, संध्याकाळी वाटायचं राहू दे, कुणीतरी कुठेतरी रूपी म्हणतंय. जेठ्याला विचारलं तर तो म्हणाला, "ठेव. देवाला धार सोडताना तुझंच नाव घेईन." पाळकांचं बघून व्हायचं होतं.

शेवटी तोडगा जोसेफने काढला, आणि तो काढताना त्याच्याच चेहऱ्यावर गोंधळ होता. "नाव ठेवायचं की नाही ते तू ठरव. पण ठेवलंस तर ती मोरपीसवाली बाई नको. चेहरा तुझा पाहिजे." तो तिला नवापूरला घेऊन गेला. स्टुडिओवाल्याने पाठीमागे हिरवा पडदा लावला. रूपीबाईने नाताळची जांभळी साडी नेसली होती. साडीचा पदर जोसेफने स्वतः दोनदा सारखा केला, आणि मग बाहेर जाऊन उभा राहिला.

फोटो एस्तेरने पाठवून दिला. सोबत लिहिलं, नावाचं अजून ठरलेलं नाही, ठरल्यावर कळवू. कंपनीकडून आभाराचा निरोप आला. त्यानंतर दोन महिने गेले. नवे डबे निघाले की नाही, आणि निघाले असतील तर त्यावर कोण आहे, हे बोरपाण्यात कुणालाच माहीत नाही. ती बिअर नवापूरला अजून येत नाही.